बिझनेस क्लासचे लाखो रुपये नेमके कशाचे? जेवणाचे की झोपेचे?

लांब पल्ल्याच्या विमानात चढताना एक गोष्ट आपण सगळेच करतो. दारातून आत शिरलो की इकॉनॉमीकडे जाताना वाटेत बिझनेस क्लास लागतो. रुंद सीट, पांढऱ्याशुभ्र उशा, हातात ग्लास घेऊन निवांत बसलेली माणसं. आपले पाय पुढे चालत असतात, पण मान वळून वळून मागे बघत असते. मग आपली ४२ वी रांग येते, बॅग वर कोंबायची आणि दोन अनोळखी खांद्यांच्या मधे स्वतःला बसवायचं.

त्यात आता रील्सची भर पडली आहे. सरकतं दार असलेली छोटी खोली, त्यात दुलई, चिनी मातीच्या प्लेटमधलं जेवण आणि 'आयुष्यात एकदा तरी' असं कॅप्शन. मग कधीतरी आपल्यावरही वेळ येते. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आई-बाबांना मुलीकडे अमेरिकेला पाठवायचं असतं, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असतो, नाहीतर क्रेडिट कार्डावर भरपूर पॉइंट साठलेले असतात. बिझनेस क्लासचं भाडं बघितलं तर इकॉनॉमीच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त. तरी मन घट्ट करून माणूस पैसे भरतो आणि विमानात गेल्यावर कळतं की आपली सीट दोघांच्या मधली आहे आणि दार वगैरे काही नाहीच.

यात फसवणूक झालेली नसते. विमानाच्या सुरक्षेचे नियम जगभर बरेचसे सारखे असतात, पण 'बिझनेस क्लास' म्हणजे अमुक इतकी रुंद सीट आणि अमुक इतका लांब पलंग, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. काय द्यायचं ते प्रत्येक कंपनी ठरवते. त्यामुळे एवढे पैसे मोजण्याआधी ते कशाचे जातात, हे माहीत असायला हवं.

बिझनेस क्लास आला कुठून?

पूर्वी विमानात दोनच वर्ग असायचे, फर्स्ट आणि इकॉनॉमी. १९७० च्या दशकात स्वस्त, सवलतीची तिकिटं वाढली. त्यामुळे एक गंमत झाली. कंपनीच्या कामासाठी आयत्या वेळी पूर्ण भाडं भरून जाणारा माणूस आणि सुट्टीसाठी अर्ध्या भाड्यात निघालेला पर्यटक शेजारी शेजारी बसायला लागले. पूर्ण भाडं भरणारे कुरकुर करायला लागले. हे नेहमीचं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून विमान कंपन्यांनी त्यांच्यासाठी मधला वर्ग काढला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ मध्ये बिझनेस क्लास सुरू केला आणि त्याच सुमारास इतरही कंपन्या त्या वाटेला लागल्या.

तेव्हाचा बिझनेस क्लास म्हणजे थोडी मोठी खुर्ची आणि थोडं बरं जेवण. खरा बदल २००० साली झाला. ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी सीट आणली. तोपर्यंत असा पलंग फक्त फर्स्ट क्लासवाल्यांच्या नशिबी होता. जागा वाचवण्यासाठी त्यांनी एक सीट पुढे तोंड करून आणि शेजारची मागे तोंड करून बसवली. म्हणजे उड्डाण होताना शेजारच्या अनोळखी माणसाचा चेहरा अगदी समोर! आणि खिडकीजवळच्या माणसाला रात्री उठायचं असेल तर शेजाऱ्याच्या पायांवरून टांग टाकून जावं लागायचं. पण झोप मिळत होती आणि लोक त्यासाठी पैसे द्यायला तयार होते.

तेव्हापासून सगळ्यांची स्पर्धा याच गोष्टीवर सुरू झाली. २०१७ मध्ये कतार एअरवेजने 'क्यूस्वीट' आणलं. प्रत्येक सीटला दार आणि मधल्या काही सीट्स जोडून चक्क डबल बेड. रील्समध्ये दिसतं ते बहुतेक वेळा हे किंवा याच्यासारखं काहीतरी असतं. ब्रिटिश एअरवेजनेही २०१९ मध्ये दार असलेली नवी सीट आणली आणि टांग टाकायची कटकट संपवली.

पैसे जातात ते जागेचे

भाडं इतकं जास्त का, हे साध्या हिशोबाने कळतं. एअरबस ए३५० किंवा बोइंग ७८७ मध्ये इकॉनॉमीच्या एका रांगेत साधारण ९ माणसं बसतात. त्याच रुंदीत नव्या बिझनेस क्लासच्या फक्त ४ सीट मावतात. शिवाय दोन रांगांमधलं अंतरही वाढतं. इकॉनॉमीत ते ३१-३२ इंच असतं, तर बिझनेसमध्ये माणूस आडवा होणार म्हणून जास्त जागा सोडावी लागते. दोन्ही मिळून बिझनेसचा एक प्रवासी इकॉनॉमीच्या तीन-एक माणसांची जागा घेतो.

म्हणूनच जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासात बिझनेस क्लासच्या प्रवाशाचा कार्बन भार इकॉनॉमीच्या प्रवाशाच्या सुमारे तिप्पट धरला होता. विमान तेच, इंधन तेच, पण त्यातली जागा तुम्ही तिप्पट अडवता.

ही जागा कंपनीसाठी किती मोलाची असते, याचं टोकाचं उदाहरण सिंगापूर एअरलाइन्सच्या सिंगापूर-न्यूयॉर्क विमानाचं. सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर, हवेत १८ तासांच्या आसपास. या मार्गासाठी खास बनवून घेतलेल्या ए३५० मध्ये फक्त १६१ सीट आहेत. ६७ बिझनेसच्या, ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या आणि साध्या इकॉनॉमीची एकही नाही. इतक्या लांब उडायचं तर वजन कमी ठेवावं लागतं आणि मग कमी माणसांकडून जास्त भाडं घेतलं तरच गणित जमतं.

या हिशोबात जेवण अगदी खालच्या ओळीत येतं. विमान व्यवसायात एक किस्सा नेहमी सांगितला जातो. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी सॅलडमधला फक्त एक ऑलिव्ह कमी करायला लावला आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले. जेवणात असा एकेका ऑलिव्हचा हिशोब होतो. सीटसाठी मात्र विमानाची अख्खी रचना बदलली जाते. थोडक्यात, बिझनेस क्लासमध्ये तुम्ही मुख्यतः झोपेची जागा विकत घेता, जेवण त्यासोबत येतं.

१-२-१, २-२-२, २-३-२ हे आकडे काय सांगतात?

तिकीट काढताना सीट मॅप दिसतो. त्यात रांगेतल्या सीट कशा विभागल्या आहेत ते बघा. मधली रेघ म्हणजे चालायची वाट.

१-२-१: हे सगळ्यात चांगलं. खिडकीजवळ एकेकटी सीट, मधे दोन सीट. प्रत्येकाला थेट वाटेवर येता येतं, रात्री कुणाला उठवावं लागत नाही. दार असलेल्या सीट बहुतेक याच मांडणीत असतात.

२-२-२: मधल्या दोघांनाही वाट मिळते, पण खिडकीजवळच्या माणसाला शेजाऱ्याला ओलांडून जावं लागतं. नवरा-बायको असाल तर काही बिघडत नाही. एकटे असाल आणि शेजारी पाय पसरून गाढ झोपला असेल, तर पंचाईत.

२-३-२: यात चक्क मधली सीट असते. म्हणजे बिझनेसचं भाडं भरून दोघांच्या मधे! एमिरेट्सच्या बोइंग ७७७ विमानांत अनेक वर्षं हीच मांडणी होती, तर त्याच कंपनीच्या दुमजली ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर १-२-१. आता ७७७ सुद्धा टप्प्याटप्प्याने १-२-१ केली जात आहेत.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सीट किती आडवी होते. 'फुल्ली फ्लॅट' किंवा 'फ्लॅट बेड' म्हणजे जमिनीला समांतर पलंग, साधारण साडेसहा फूट लांब. 'अँगल्ड फ्लॅट' म्हणजे सीट सरळ होते, पण उतारावर. ऐकायला फारसा फरक वाटत नाही. पण रात्रभर घसरगुंडीवर झोपल्यासारखं होतं, दर थोड्या वेळाने माणूस खाली सरकतो. जुन्या विमानांत अशा सीट अजूनही सापडतात.

तिसरी गोष्ट सीट मॅपवर सहसा कळत नाही, ती म्हणजे पायाचा कोनाडा. कमी जागेत लांब पलंग बसवण्यासाठी तुमचे पाय पुढच्या सीटच्या बाजूच्या पोकळीत जातात. ही पोकळी काही सीट्समध्ये फार अरुंद असते. कुशीवर झोपणाऱ्यांना आणि उंच माणसांना ती टोचते. पहिल्या रांगेच्या पुढे सीट नसल्यामुळे तिथे अनेक विमानांत हा कोनाडा ऐसपैस असतो. पण तान्ह्या बाळांचे पाळणेही बऱ्याचदा पहिल्याच रांगेत लावतात, हे विसरू नका.

काही विमानांत सीट आलटून पालटून असतात. एका रांगेत खिडकीजवळ सीट आणि वाटेकडे टेबल, पुढच्या रांगेत उलट. एकटे असाल तर खिडकीला चिकटलेली सीट घ्या. मधलं टेबल आडोसा देतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागत नाही. जोडीने जात असाल तर मधल्या दोन सीट एकमेकींना चिकटलेल्या आहेत ती रांग शोधा. नाहीतर पंचविसावा वाढदिवस दोन टेबलांच्या पलीकडून साजरा करावा लागेल.

स्वयंपाकघराशेजारची, म्हणजे गॅलीजवळची रांग शक्यतो टाळा. तिथे रात्रभर भांड्यांचा आवाज आणि पडद्यातून येणारा उजेड असतो.

कंपनी एक, विमानं वेगवेगळी

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपण कंपनीचं नाव बघून तिकीट काढतो, सीट मात्र विमानावर ठरते.

एअर इंडियाचं उदाहरण घेऊ. जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडे ए३५० उडायला लागली. त्यात बिझनेसच्या २८ सीट आहेत, १-२-१ मांडणीत आणि सरकत्या दारासह. पण कंपनीच्या जुन्या बोइंग ७८७-८ मध्ये मूळ मांडणी २-२-२ होती आणि जुन्या ७७७-३००ईआर मध्ये २-३-२. मधल्या काळात दुसऱ्या विमान कंपन्यांनी वापरलेली काही ७७७ भाड्याने घेतली, त्यांची मांडणी आणखी वेगळी. ही जुनी विमानं आतून नवी करण्यासाठी कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ४० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. पण विमान एका रात्रीत बदलत नाही, एकेक करून हँगरमध्ये न्यावं लागतं. तोवर जुनी आणि नवी दोन्ही एकाच नावाने उडत राहतात. जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीची हीच गत आहे.

म्हणून तिकिटावर विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो वाचा आणि सीट मॅपशी ताडून पाहा. मधे थांबा असेल तर दोन्ही टप्पे वेगवेगळे तपासा. मुंबई ते दुबई किंवा दोहा हे तीन-साडेतीन तास आणि पुढचे चौदा-पंधरा तास, यांतला कुठला टप्पा चांगल्या विमानात आहे, याने सगळा फरक पडतो. पहिला टप्पा झकास आणि लांबचा टप्पा जुन्या सीटवर, असं असेल तर पैसे चुकीच्या जागी गेले.

एक मात्र लक्षात ठेवा. कंपनीला आयत्या वेळी विमान बदलण्याचा हक्क असतो. त्यामुळे प्रवासाच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी सीट मॅप उघडून बघा. मांडणी बदललेली दिसली तर लगेच फोन करून हवी ती सीट मागून घ्या. आधी बघणाऱ्याला चांगली सीट मिळते.

कळसूबाईपेक्षा उंचावरचं ताट

आता जेवणाकडे वळू. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब वाढवलेला असतो. तरीही तो जमिनीवरच्याइतका नसतो. नियमाप्रमाणे केबिनमधली परिस्थिती जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीसारखी चालते. ए३५० आणि ७८७ सारख्या नव्या विमानांत ती सुमारे ६,००० फुटांवर ठेवतात. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या विमानातही तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर बसून जेवत असता.

त्यात हवा अतिशय कोरडी, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. नाक आणि घसा सुकतात. वास नीट आला नाही की चव लागत नाही. सर्दी झाल्यावर आमटी बेचव लागते, तसंच काहीसं. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी कमी दाबाच्या खोलीत लोकांना जेवू घालून हे तपासलं. मीठ आणि साखर दोन्हीची चव तिथे मंद लागली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. विमानातल्यासारखा ८५ डेसिबलचा आवाज कानावर पडत असेल तर गोड चव दबते आणि 'उमामी', म्हणजे टोमॅटो, मशरूम, चीज यांत असते ती खमंग चव, उलट वाढते. एरवी टोमॅटो ज्यूसला हात न लावणारी माणसं विमानात तो का मागतात, याचं एक कारण यात सापडतं.

शिवाय हे जेवण विमानात शिजत नाही. जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात ते शिजवतात, झटपट थंड करतात, थंडच ठेवून विमानात चढवतात आणि वर ओव्हनमध्ये फक्त गरम करतात. आचारी कितीही नावाजलेला असला तरी शेवटचा हात गॅलीतल्या ओव्हनचाच. सिंगापूर एअरलाइन्सच्या शेफ मंडळात आपले संजीव कपूरही आहेत. पण अशा शेफचं खरं काम असतं ते पुन्हा गरम करूनही टिकेल असा पदार्थ ठरवण्याचं.

कुठला पदार्थ टिकेल हे आपल्याला घरच्या अनुभवावरूनही कळतं. काल रात्रीची रस्सा भाजी किंवा डाळ आज गरम केली तर चांगलीच लागते, कधी कधी जास्त मुरलेली लागते. पण कालची पोळी वातड होते, पोहे कोरडे पडतात आणि भज्यांचा कुरकुरीतपणा जातो. विमानातही हेच गणित. रस्सा, भात, मंद शिजवलेलं मटण किंवा चिकन, पास्ता असं काही निवडलंत तर फसणार नाही. ऑम्लेट, कोरडं ग्रिल केलेलं चिकन, तळलेलं काही असेल तर अपेक्षा कमी ठेवा. मसाल्यांचा वास उंचावरही बऱ्यापैकी टिकतो, त्यामुळे भारतीय जेवण विमानात तुलनेने बरं लागतं.

बिझनेसमध्ये जेवण वेगळं कसं?

ट्रे एकदम समोर येत नाही. आधी गरम टॉवेल आणि पेय, मग टेबलावर कापड, सुरुवातीचा पदार्थ, मुख्य जेवण, शेवटी चीज किंवा गोड. उतरण्याच्या दीड-दोन तास आधी नाश्ता किंवा दुसरं जेवण. काही कंपन्या 'डाइन ऑन डिमांड' देतात, म्हणजे तुम्हाला हवं तेव्हा मागवा. ही सगळ्यात कामाची सोय.

पर्याय मात्र मर्यादित असतात. तीन पदार्थांतला तुमचा आवडता पुढच्या रांगांतच संपू शकतो. यावर उपाय म्हणजे आधीच मागवणं. सिंगापूर एअरलाइन्सची 'बुक द कुक' ही त्यातली जुनी आणि प्रसिद्ध सोय, उड्डाणाच्या किमान २४ तास आधी पदार्थ निवडायचा. इतर अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवरही अशी निवड करता येते. बिझनेसचं तिकीट असूनही ती करायची राहून जाते.

'हिंदू मील' मागवलं की शाकाहारी येतं?

नाही. हा गोंधळ दरवर्षी कितीतरी आई-बाबांना उपाशी ठेवतो. खास जेवणाची काही आंतरराष्ट्रीय कोडं असतात आणि ती कुठल्याही वर्गाला लागू होतात.

- एचएनएमएल, म्हणजे हिंदू मील: यात गोमांस नसतं. पण चिकन, मटण, मासे असू शकतात.
- एव्हीएमएल: भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण. आपल्याला सहसा हवं असतं ते हे.
- व्हीजेएमएल: जैन जेवण, कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेलं.
- व्हीजीएमएल: व्हीगन, म्हणजे दूध, दही, तूपही नाही.
- डीबीएमएल: मधुमेहींसाठी.
- एलएसएमएल: कमी मिठाचं, रक्तदाबवाल्यांसाठी.

ही कोडं तिकीट काढतानाच टाका. निदान २४ तास आधी सांगावं लागतं, काही ठिकाणी ४८ तास. आणि परतीच्या तिकिटावरही टाका. जाताना व्यवस्थित जेवण मिळतं, येताना मिळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

जेवायचं की झोपायचं?

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर निघतात. समजा रात्री अडीचचं विमान आहे आणि लंडनचा नऊ-दहा तासांचा प्रवास आहे. उड्डाणानंतर जेवण सुरू होईपर्यंत पाऊण-एक तास जातो. निवांत चार पदार्थांचं जेवण केलंत तर आणखी दीड तास. म्हणजे झोपायला पहाटेचे पाच. पुढे उतरण्याच्या दोन तास आधी दिवे लागतात. ज्या पलंगासाठी तिप्पट-चौपट पैसे मोजले, त्यावर जेमतेम साडेचार-साडेपाच तास पडलात!

म्हणून रात्रीच्या विमानाला जेवण जमिनीवर उरकून घ्या. बिझनेसच्या तिकिटावर बहुतेक वेळा लाउंज मिळतं, तिथे गरम जेवण असतं आणि तिथे तुमच्या जिभेला चवही नीट लागते. विमानात चढल्यावर क्रूला सांगा, 'आता जेवण नको, झोपतो.' नाश्त्याला उठवायचं की नाही, तेही आधीच सांगा. सीट बेल्ट दुलईच्या वरून बांधा, म्हणजे हवा हलायला लागली तर बेल्ट तपासायला कुणी तुम्हाला उठवणार नाही. सीटवर टाकायची पातळ गादी काही कंपन्या देतात. दिसली नाही तर मागा.

दिवसाच्या विमानाला याच्या उलट. तिथे झोप तशीही येत नाही. मग जेवणाचा आनंद घ्या. पण हेही लक्षात येईल की दिवसाच्या आठ तासांसाठी पलंगाचे पैसे भरणं फारसं परवडत नाही.

आई-बाबांचं तिकीट काढताना

ज्येष्ठांसाठी बिझनेस क्लास घेताना दोन गैरसमज असतात. पहिला, व्हीलचेअर मिळावी म्हणून बिझनेस हवा. तसं नाही. ज्यांना गरज आहे त्यांना व्हीलचेअरची मदत इकॉनॉमीच्या तिकिटावरही मागता येते, फक्त ती आधी कळवायची.

दुसरा, पलंग आहे म्हणजे पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसांत तरीही तो सहा हजारांत एक इतका कमीच आहे. पण त्याचं मूळ बराच वेळ न हलण्यात आहे, सीटच्या वर्गात नाही. गोळी घेऊन सलग दहा तास निपचित पडणारा बिझनेसचा प्रवासी सुरक्षित आहे असं समजू नका. दर दोन-तीन तासांनी उठणं, घोटे हलवणं आणि पाणी पिणं दोन्हीकडे लागतंच. आधीपासून त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा.

आडवं होता आल्याने कंबर, गुडघे आणि पायांची सूज यांना मात्र खरोखर आराम पडतो. ज्यांना खुर्चीत रात्र काढणं अशक्य आहे, त्यांच्यासाठी हे पैसे सार्थकी लागतात. पण मग मांडणी १-२-१ किंवा निदान २-२-२ हवीच. मधल्या सीटवरून पंधरा तासांत चार वेळा शेजाऱ्याला उठवून बाथरूमला जाणं सत्तरीच्या माणसाला जमत नाही आणि मग ती माणसं पाणीच पीत नाहीत.

बिझनेसचं तिकीट असून इकॉनॉमीत बसवलं तर?

कधी विमान बदलतं, कधी जास्त तिकिटं विकली जातात आणि तुम्हाला खालच्या वर्गात बसायला सांगतात. अशा वेळी 'काय करणार' म्हणून गप्प बसू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियम केला आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरावर ठरतं. १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटर ५० टक्के आणि त्याहून लांब ७५ टक्के. म्हणजे मुंबई-दुबईला ५० टक्के, तर मुंबई-लंडनला ७५ टक्के.

हा नियम वर्ग बदलला तर आहे. सीट नीट आडवी झाली नाही किंवा स्क्रीन बंद पडली, तर तो आपोआप लागू होत नाही. तेव्हा तिथल्या तिथे क्रूला दाखवा, नोंद करायला सांगा, फोटो काढा आणि उतरल्यावर लेखी तक्रार करा. घरी जाऊन आठवड्याने केलेल्या तक्रारीपेक्षा विमानातल्या नोंदीला जास्त वजन असतं.

मग घ्यावं की नाही?

भाड्यात करही धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी वर्गांच्या तिकिटांवर जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे.

मग एक सोपा हिशोब करा. बिझनेस आणि इकॉनॉमीच्या भाड्यातला फरक घ्या आणि त्याला आडवं पडून मिळणाऱ्या झोपेच्या तासांनी भागा. रात्रीचा, दहा तासांहून लांब, सलग प्रवास असेल आणि सीट पूर्ण आडवी होणारी असेल तर आकडा पटण्यासारखा येतो. दिवसाचा प्रवास, मधे दोन थांबे, उताराची सीट असं असेल तर तोच आकडा अंगावर येतो. सगळ्या प्रवासाला परवडत नसेल तर फक्त रात्रीचा लांब टप्पा बिझनेसने आणि बाकीचा इकॉनॉमीने, असंही तिकीट निघतं. पॉइंट असतील तर ते याच टप्प्यासाठी राखून ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी पाच मिनिटं देऊन एवढं बघा: विमानाचा प्रकार कुठला, मांडणी १-२-१ आहे का, सीट पूर्ण आडवी होते का, दोन्ही टप्प्यांत तेच आहे का आणि जेवणाचं कोड जाता-येता दोन्हीकडे टाकलंय का. पाचही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल पैसे भरा. एखादं 'नाही' आलं, तर आधी दुसऱ्या तारखेचं विमान बघा.